‘रिमांड’ हा शब्द पोरांना कसा चिकटला

‘ऐकलं नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन,’ ही धमकी मुंबईच्या चाळींत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. रिमांड म्हणजे चौकशी सुरू असताना आरोपीला कोठडीत ठेवणं. मग स्टेशनवर एकटं सापडलेलं पोर तिथे कसं पोहोचलं?

धागा 1850च्या अप्रेंटिस कायद्यापर्यंत मागे जातो. अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेली 10 ते 18 वर्षांची मुलं कारागिरांकडे कामाला बांधून द्यायची अशी ती तजवीज होती. गरिबी आणि गुन्हा तिथेच एका रांगेत बसले. 1876चा सुधारशाळांचा कायदा शिक्षा झालेल्या मुलग्यांपुरता होता. 1919-20च्या जेल समितीने मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं, त्यानंतर मद्रास, बंगाल आणि 1924 मध्ये मुंबई प्रांताने बालकांचे कायदे केले. हेतू चांगला होता, पण चोरी केलेलं पोर आणि टाकून दिलेलं पोर दोघं एकाच कायद्याखाली आली.

इमारतही बोलकी मिळाली. 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, त्याच उमरखाडीच्या आवारात पुढे मुलांचं रिमांड होम आलं. बेघर मुलाचा पहिला आसरा जुन्या तुरुंगाच्या भिंतीआड असेल, तर शेजारपाजारच्यांनी त्याला काय समजावं?

1986च्या बाल न्याय कायद्याने ‘उपेक्षित’ आणि ‘अपचारी’ (म्हणजे गुन्हा केलेली) असे मुलांचे दोन गट पाडले, एकासाठी मंडळ आणि दुसऱ्यासाठी न्यायालय नेमलं. मात्र चौकशी संपेपर्यंत दोघांचा मुक्काम निरीक्षणगृहातच, म्हणजे लोकांच्या भाषेतल्या रिमांड होममध्येच, असे. शिवाय उपेक्षित कोण, तर भीक मागणारं, घरदार नसलेलं, उपजीविकेचं उघड साधन नसलेलं मूल. भटक्यांना धरणाऱ्या जुन्या पोलिसी कायद्यांची भाषा इथे सहज ऐकू येते.

खरी फारकत 2000च्या नव्या बाल न्याय कायद्याने केली. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं बालकल्याण समितीकडे, विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली) मुलं बाल न्याय मंडळाकडे, आणि राहण्याच्या जागाही वेगळ्या. विधिसंघर्षग्रस्त मूल संस्थेतून पळालं तर पोलिसांनी त्याला परत आणावं, पण पळाल्याबद्दल नवी कारवाई करू नये, हेही त्यात आलं.

2015च्या कायद्याने तर आरोपाचा वास येणारे शब्द मुलांबाबत वापरायचेच नाहीत असं तत्त्व घातलं. डोंगरीत पत्ता विचारताना लोक अजून ‘रिमांड होम’च म्हणतात.