झुकिनीची फुलं खायची, तर कोणती?

झुकिनी लावणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली: फुलं भरपूर येतात, फळ मात्र एकही धरत नाही. यात रोपाचं काही बिघडलेलं नसतं. काकडी, दुधी, कारल्याप्रमाणे झुकिनीलाही नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, तीही एकाच झाडावर. सुरुवातीला बहुतेक नरच फुलतात. मादी फुलं यायच्या आधी ती गळूनच जायची असतात, त्यामुळे तेवढे दिवस खुशाल खुडून खावीत.

इटलीत हेच चालतं. झुकिनी ज्या भोपळ्याच्या जातीतली, तिचं मूळ मेक्सिकोत. तिथल्या ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या लागवडीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. कोवळी असतानाच खायची ही लांबट झुकिनी मात्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत तयार झाली. रोमच्या मंडईत फुलांच्या जुड्या मिळतात. फुलात मोझरेला चीज आणि खारवलेली अँचोव्ही मासळी भरायची, पातळ पिठात बुडवायचं आणि तळायचं. लाल भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्लेल्यांना यात नवं फक्त सारण.

नर-मादी ओळखायला भिंग लागत नाही. नर फूल लांब, बारीक देठावर ताठ उभं असतं आणि आत पिवळ्या परागांनी माखलेला एकच दांडा दिसतो. मादीचा देठ आखूड; पाकळ्यांखाली बोटभर झुकिनी फूल उमलण्याआधीच तयार असते. हे बाळफळ म्हणजे अंडाशय. ते दिसतं म्हणून फळ धरलं असं समजू नये. पराग मिळाले नाहीत तर ते टोकाकडून पिवळं पडून काही दिवसांत कुजतं. पराग कमी पडले तर फळ वाढतं, पण टोकाला निमुळतं, वाकडं.

या परागाचे कण मोठे, काटेरी आणि चिकट असतात, त्यामुळे वाऱ्याचा इथे काही उपयोग नाही; मधमाशीच लागते. वेळही थोडा. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. तेवढ्यात एकाच मादी फुलावर माश्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. अमेरिकेत केवळ भोपळा-झुकिनीच्या फुलांवर जगणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. त्यांचे नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपतात. आपल्याकडे हे काम सातेरी, आग्या आणि फुलोरी माश्यांवर येतं. सकाळी औषध फवारलं तर पहिला फटका त्यांना आणि लगेच फळ धरण्याला बसतो. शिवाय फुलं खायची असतील तर त्यांवर फवारणी नकोच.

गच्चीवर माश्या फिरकत नसतील तर नर फूल खुडावं, पाकळ्या काढाव्यात आणि दांडा मादीच्या मधल्या फुगीर, खाचा पडलेल्या भागावर हलकेच फिरवावा. हे सकाळी लवकर करावं, कारण परागांची ताकद दुपारपर्यंत बरीच उतरते. एकच रोप असेल तर दोन्ही फुलं एकाच दिवशी उमलतील याची खात्री नसते, म्हणून कुंड्या दोन-तीन ठेवाव्यात.

मादी फुलं येऊ लागल्यावर रोज सकाळी दोन-चार नर फुलं झाडावर सोडून बाकीची उचलावीत. तोडताना आत माशी नाही ना, ते बघावं. पाकळ्या तासाभरात मलूल होतात. ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या तरी त्याच दिवशी वापरलेल्या बऱ्या. मादी फूल मात्र लगेच तोडू नये. परागण झाल्यावर दोनएक दिवसांनी बोटभर फळासकट तोडलं तर दोन्ही मिळतात, आणि फूल टवटवीत असेल तर फळ ताजं, हे गिऱ्हाइकालाही कळतं.

नर-मादीचं प्रमाण हवामानानुसार बदलतं. गारव्यात आणि लहान दिवसांत मादी फुलं वाढतात, उन्हाळ्यात नरांचा भर. महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोकलेलं बी म्हणूनच फळांसाठी चांगलं. लागवड उशिरा झाली तर फुलांवर भागवावं. पानांवर भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आणि फळांवर फळमाशी दोन्ही हंगामांत येतेच.

पेरणीपासून साधारण दीड महिन्यात तोडा सुरू होतो. फळ १५ ते २० सेंटिमीटरचं झालं की काढायचंच. एखादं पानांआड राहून दुधीएवढं झालं की आतल्या वाढत्या बिया झाडाचं पोषण ओढतात, त्यांच्याकडून येणारी संप्रेरकं नवी फळं रोखतात आणि पुढची फुलंही रोडावतात. फुलांचा हंगाम लांबवायचा तर असं फळ आधी शोधून काढावं.

अशा मोठ्या फळाचं बी पुढच्या वर्षासाठी धरण्याचा मोह टाळावा. शेजारी शोभेचे भोपळे असतील तर संकर होऊ शकतो. त्याची खूण या फळात दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसते, ती कडू फळांतून. हा कडूपणा आणणारी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं शिजवल्यानेही जात नाहीत. तुकडा जिभेला कडू लागला तर झुकिनी सरळ टाकून द्यावी.