प्रॅक्टिकलला दोरी कोणाच्या हातात असते?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे तीच चर्चा, मुली पुढे की मुलगे, ही शाळा बरी की ती, आणि मग कोणीतरी बोलून जातंच की मुली पाठांतरात हुशार, पण सायन्सचं डोकं मुलग्यांचं. मला हे अजिबात पटत नाही आणि आकडेपण तसं म्हणत नाहीत. पिसा नावाची १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, तिच्यात २०१५ साली ओईसीडी (म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) देशांच्या सरासरीत मुलगे सायन्समध्ये फक्त ४ गुणांनी पुढे होते आणि २०१८ ला मुली २ गुणांनी पुढे. सरासरी पाचशेच्या जवळपास असते, म्हणजे फरक नसल्यातच जमा.

शाळेचंही तसंच. खाजगी शाळांचे गुण जास्त दिसतात, पण मुलांच्या घरची परिस्थिती हिशेबात धरली तर त्याच २०१५ च्या पिसात सरासरीने सरकारी शाळा पुढे निघाल्या. त्यामुळे पणजीतली नावाजलेली शाळा आणि सत्तरी तालुक्यातलं सरकारी हायस्कूल यांची नुसत्या टक्क्यांवरून तुलना करणं अन्यायाचं आहे.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. प्रॅक्टिकलला हात कोणाचा चालतो?

लंबकाचा प्रयोग घ्या. २५ सेंटिमीटर दोरीला बोल्टचा लोखंडी नट बांधून झुलवला तर एकदा जाऊन परत यायला साधारण १ सेकंद लागतो, दोरी १ मीटर केली की २ सेकंद, आणि नट दुप्पट जड बांधला तरी वेळ तोच. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना हाच प्रयोग दिला होता, लहान मुलं दोरी आणि वजन एकदमच बदलायची आणि मग नक्की कशामुळे वेळ बदलला ते त्यांना कळायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, १० झोक्यांचा वेळ मोजून १० ने भागायचं, ही सवय स्वतः करूनच लागते, जर्नल सुवाच्य लिहून नाही. आणि ग्रूपमध्ये जर्नल बहुतेक वेळा मुलीकडेच जातं ना!

अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या लॅबचं निरीक्षण केलं, तो अभ्यास २०२० मध्ये आला. जिथे प्रयोग कसा करायचा ते विद्यार्थ्यांवर सोडलं होतं तिथे मुलगे उपकरणांवर जास्त आणि मुली लॅपटॉपवर जास्त, कोणी कामं वाटून दिली नव्हती तरी. जिथे सगळं ठरवून दिलेलं होतं तिथे हा फरक फारसा दिसला नाही.

आपल्या दोनापावलाच्या एनआयओतल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ मध्ये मुरगावहून निघालेल्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, हे किती पोरींना माहीत आहे कोण जाणे, शाळेत सांगायलाच हवं.

दोरी, दोन नट आणि टीचरच्या मोबाईलचं स्टॉपवॉच एवढं कुठल्याही शाळेत जमतं, फक्त दर तीन रीडिंगनंतर कामं बदलायला लावायची, लिहिणारीने दोरी धरायची, धरणाऱ्याने लिहायचं.