बेसमन ५एफ६-ए

फेंडर कंपनीचा, व्हॉल्व्हवर (निर्वात इलेक्ट्रॉन-नळीवर) चालणारा गिटार-ॲम्प्लिफायर. उत्पादनकाळ साधारणपणे १९५८ ते १९६० असा धरतात. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात तो तयार होई. नावातील ‘५’ हा आकडा १९५० चे दशक, ‘एफ’ हे अक्षर मंडलरचनेची (विद्युत्-जोडणीच्या आराखड्याची) सहावी आवृत्ती आणि ‘६’ हा आकडा बेसमन ही जात दाखवतो. शेवटचा ‘ए’ हा त्या आवृत्तीतील फेरबदल.

नाव काहीसे फसवे आहे. फेंडरची प्रिसिजन बेस गिटार १९५१ च्या सुमारास आली आणि तिच्या जोडीला बेसमन निघाला. सुरुवातीच्या नमुन्यात १५ इंची एकच स्पीकर असे. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या जागी १० इंची चार स्पीकर आले. बेसच्या सर्वांत जाड तारेचे मूळ कंपन सुमारे ४१ हर्ट्‌झ असते. मागून उघड्या पेटीत ते पेलणे या स्पीकरना जड जाई. गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांना मात्र हाच आवाज भावला आणि यंत्राची कीर्ती त्यांच्यामुळेच झाली.

रचना : प्रवेशाला १२एवाय७ हा व्हॉल्व्ह, पुढे दोन १२एएक्स७, शेवटी ५८८१ जातीचे दोन शक्ति-व्हॉल्व्ह आणि एकदिशीकरणासाठी (प्रत्यावर्ती वीज एकाच दिशेने वाहती करण्यासाठी) जीझेड३४. आधीच्या ५एफ६ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा ८३ क्रमांकाचा एकदिशकारक होता. शक्ति-व्हॉल्व्हच्या प्लेटवर (धन अग्रावर) सुमारे ४३० व्होल्ट असतात. उत्पादित शक्ती ४० वॅटांच्या आसपास सांगितली जाते, पण विकृती किती चालवून घ्यायची यावर हा आकडा हलतो. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडलेले असल्याने उत्पादन-रोहित्रावर (स्पीकरना शक्ती पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) २ ओहमचा भार पडतो.

खरे वैशिष्ट्य मधल्या टप्प्यात आहे. तिसरा ट्रायोड (तीन अग्रांचा व्हॉल्व्ह-घटक) कॅथोड-अनुयायी (व्होल्टता न वाढवता पुढच्या भागाला प्रवाह पुरवणारा टप्पा) म्हणून आधीच्या प्लेटला थेट, मध्ये धारित्र (कपॅसिटर) न घालता जोडलेला असतो आणि तो ट्रेबल, बेस व मिडल या तीन नियंत्रणांच्या जाळ्याला चालना देतो. जोरात छेडल्यास या जोडणीत ग्रिड-प्रवाह (व्हॉल्व्हच्या नियंत्रक जाळीतून जाणारा प्रवाह) वाहू लागतो आणि लाटेचा एक कड हळूच दबतो. वादक ज्याला ‘स्पर्शाला दाद’ म्हणतात, त्यातला काही भाग इथला असावा. त्यापुढचा कला-विभाजक (एका संकेताचे परस्परविरुद्ध दोन करणारा टप्पा) सामाईक कॅथोड-रोधकावर उभ्या ट्रायोड-जोडीचा आहे.

या मंडलाचे जनकत्व वादग्रस्त आहे. ते सर्वस्वी लिओ फेंडर यांचे, असे लोकप्रिय लेखनात आढळते. मात्र कॅथोड-अनुयायी आणि असा कला-विभाजक त्याआधीच तंत्रसाहित्यात रूढ होते आणि व्हॉल्व्ह-उत्पादकांच्या पुस्तिकांचा आधार घेणे ही त्या काळची सर्रास रीत होती. १९५३ मध्ये कंपनीत आलेले वादक-तंत्रज्ञ फ्रेडी टव्हारेस यांचाही वाटा मानला जातो. जोडणी जुन्या सुट्या घटकांची, निवड व मूल्ये फेंडरच्या कार्यशाळेची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा वाद लंडनचा. हॅनवेल येथील जिम मार्शल यांच्या दुकानातून १९६२ मध्ये जेटीएम४५ हा ॲम्प्लिफायर बाहेर पडला. त्यामागे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांचे काम होते. मंडल जवळजवळ बेसमनचेच, म्हणून काहीजण त्याला निव्वळ नक्कल म्हणतात. प्रवेशाला मात्र १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ (१२एएक्स७ चेच युरोपीय नाव) आहे. विवर्धनांक (व्होल्टता किती पट वाढवता येते तो आकडा) पहिल्याचा सुमारे ४४, तर दुसऱ्याचा १००. ऋण पुनर्प्रदाय (उत्पादनाचा काही भाग उलट करून मागे देणे) २ ओहमऐवजी १६ ओहमच्या टोकावरून घेतल्याने तेवढ्याच शक्तीला परत येणारा व्होल्टता-अंश सुमारे २.८ पट होतो. शिवाय रोहित्र ब्रिटिश आणि १२ इंची चार स्पीकर बंद पेटीत. कागदावर नक्कल, कानाला वेगळा, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

कालनिर्णय व जीर्णोद्धार : पेटीतील व्हॉल्व्ह-तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो : पहिले अक्षर वर्षाचे (एच म्हणजे १९५८, आय म्हणजे १९५९), दुसरे महिन्याचे. जेन्सन स्पीकरवरील २२० ने सुरू होणारा अंक वर्ष व आठवडा सांगतो. वर्षाचा एकच आकडा असल्याने दशक इतर खुणांवरून ठरवावे लागते. सुटे भाग साठ्यातून उचलले जात, त्यामुळे या तारखांवरून यंत्र ‘याआधीचे नव्हे’ एवढेच सिद्ध होते.

दुरुस्तीत वाळलेले विद्युत्-विच्छेद्य (इलेक्ट्रोलिटिक) धारित्र बदलतात. मूळ दोन तारांच्या वायरीऐवजी अर्थिंगसह तीन पिनांची वायर घालतात आणि वीजपुरवठ्याची एक तार व सांगाडा यांमधला धारित्र काढून टाकतात. तो आतून शॉर्ट झाल्यास सांगाड्यात वीज उतरते आणि गिटारच्या तारांवाटे वादकाच्या हातापर्यंत पोहोचते. घटक ज्यावर टाचलेले असतात तो मेण लावलेला फायबरचा फलक दमट हवेत ओल धरतो आणि गळती-प्रवाह वाहू देतो. संग्राहकांना मूळ भाग हवे असतात, म्हणून काढलेले धारित्र पिशवीत घालून यंत्रासोबत देण्याची पद्धत पडली आहे. भारतात वापरताना २३० व्होल्ट उतरवणारे रोहित्र लागतेच. शिवाय, केवळ ६० हर्ट्‌झसाठी बेतलेला रोहित्राचा गाभा ५० हर्ट्‌झवर अधिक तापतो, हे विसरले जाते.

१९६० च्या अखेरीस बेसमनची रचना बदलली. ॲम्प्लिफायर व स्पीकर वेगवेगळ्या पेट्यांत गेले. १९९० मध्ये कंपनीने जुन्या नमुन्याची पुनरावृत्ती काढली, ती छापील मंडल-फलकावर.