प्लेगची साक्ष देणारा मऊ दगड

इंग्लंडमधल्या हार्टफर्डशायर परगण्यात, केंब्रिजच्या नैर्ऋत्येला अ‍ॅशवेल नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा 176 फूट उंच आहे. एवढ्याशा गावात एवढा मनोरा कसा, असा प्रश्न पडतोच. पण चौदाव्या शतकात, हे चर्च उभं राहत होतं तेव्हा, अ‍ॅशवेल ही भरभराटीची बाजारपेठ होती.

मला मात्र उंचीपेक्षा या चर्चचा दगड जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आहे क्लंच, म्हणजे खडूच्याच जातीचा चुनखडक. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा खडक बनला. खाणीतून नुकताच काढलेला क्लंच करवतीनंही कापता येतो. गवंड्यांची त्यामुळे सोय झाली, पण असा सच्छिद्र दगड पाणी शोषून घेतो. हिवाळ्यात ते पाणी गोठलं की सुमारे 9 टक्क्यांनी प्रसरण पावतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून चर्चच्या बाहेरच्या भिंती झिजल्या आहेत, जागोजागी डागडुजी करावी लागली आहे. आतल्या बाजूला पाऊस नाही, दहिवर नाही. तिथे मध्ययुगातले ओरखडेही टिकले आहेत.

आणि ओरखडे पुष्कळ आहेत! दगड इतका मऊ, की चाकूच्या टोकानंही त्यावर लिहिता यायचं. समोरून पाहिलं तर फारसं काही कळत नाही. विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरला, की प्रत्येक रेघेत सावली भरते आणि अक्षरं उमटतात.

मनोऱ्याच्या आत, उत्तरेच्या भिंतीवर असाच एक लॅटिन मजकूर आहे. वर्ष तिथे हिशेब मांडून लिहिलंय: एक हजार, तीन वेळा शंभर, पाच वेळा दहा. म्हणजे 1350. पुढचा आशय असा: दयनीय, क्रूर, हिंसक काळ, साक्ष द्यायला उरलेत ते फक्त हलाखीतले लोक. 1348 मध्ये इंग्लंडमध्ये शिरलेल्या प्लेगनं दोन वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं नेली होती. राजदरबारच्या आणि मठांच्या बखरी आपल्याकडे आहेत, पण ज्या गावावर हे गुदरलं त्याच गावाच्या भिंतीवर लिहिलेलं असं फार थोडं हाती लागतं.

मजकुराच्या शेवटी एका प्रचंड वाऱ्याची नोंद आहे. त्या वाऱ्याला ‘मॉरस’ म्हटलंय आणि साल दिलंय 1361. हे वादळ इतिहासाला चांगलं ठाऊक आहे. त्यानं नॉरिचच्या कॅथीड्रलचा लाकडी कळस पाडला. पण त्याची तारीख आज आपण 15 जानेवारी 1362 अशी देतो. मग लिहिणारा चुकला का? मुळीच नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला लागायचं आणि ही पद्धत 1752 पर्यंत चालली. त्याच्या लेखी जानेवारीत 1361 च चालू होतं. 15 जानेवारी हा संत मॉरस यांचा दिवस, त्यावरून वादळाला नाव पडलं. 1361 मध्येच प्लेगची दुसरी लाट येऊन गेली होती आणि तिच्यात लहान मुलं फार दगावली. त्यात वर हे वादळ.

सगळंच लेखन दुःखाचं नाही. एका खांबावर कुणीतरी, बहुधा बांधकामातल्याच जाणकारानं, लॅटिनमध्ये राग काढलाय. कोपरे नीट जुळवलेले नाहीत, थुंकतो मी यावर, असा त्याचा अर्थ लावतात. प्लेगच्या मजकुराखाली एका भव्य चर्चचं रेखाचित्र आहे. ते लंडनचं जुनं सेंट पॉल कॅथीड्रल असावं, असं मानतात. त्या कॅथीड्रलचा कळस 1561 मध्ये वीज पडून जळाला आणि 1666 च्या आगीत उरलेली इमारतही गेली. चित्रात कळस शाबूत आहे.