कोलोनोस्कोपीची गुणवत्ता आणि निसटणारे कर्करोग

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी (कोलोनोस्कोपी) झाली, तीत कर्करोग दिसला नाही आणि पुढच्या तपासणीची तारीख येण्याआधीच त्याच आतड्यात कर्करोग निघाला, तर त्याला ‘कोलोनोस्कोपीनंतरचा कर्करोग’ म्हणतात. काही गाठी खरोखरच झपाट्याने वाढतात. पण यांतल्या बहुतेक तपासणीच्या दिवशी तिथेच असतात, नजरेतून सुटलेल्या. किंवा पॉलिप कापताना त्याचा अंश मागे राहिलेला असतो.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ. (सांगलीकडे ‘मोड’ म्हटले की मूळव्याध समजतात, पॉलिप तो नव्हे.) ॲडेनोमा जातीच्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढ्यात तो दिसला तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढता येतो. एकाच रुग्णाला लागोपाठ दोनदा दुर्बीण घालून केलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये झाले. पहिल्या खेपेला सुमारे २२ टक्के पॉलिप सुटतात, असे त्यात दिसले. एक सेंटिमीटर वा त्याहून मोठे ॲडेनोमा मात्र दोनच टक्के.

दुर्बीण आत सरकवणे हे कौशल्य खरे, पण पाहणी होते ती ती बाहेर काढताना. अमेरिकेतल्या बारा डॉक्टरांच्या कामाची तुलना २००६ मध्येच प्रसिद्ध झाली. बाहेर येताना सरासरी सहा मिनिटे वा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत अशा वाढी सापडल्या, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. म्हणूनच डॉक्टरला शंभरातल्या किती जणांत निदान एक ॲडेनोमा सापडतो, हे मोजण्याला महत्त्व आहे. कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या अभ्यासात (२०१४) हे प्रमाण एका टक्क्याने वाढले की पुढे असा कर्करोग निघण्याची जोखीम तीन टक्क्यांनी कमी दिसली.

सर्वांत दगा देते ते उजवीकडचे आतडे. तिथले दातेरी जातीचे पॉलिप सपाट, फिकट आणि वर बुळबुळीत श्लेष्म्याची टोपी घातलेले. पाण्याची धार मारून टोपी धुतली की मग कुठे कड दिसते.

धुण्याचे निम्मे काम रुग्णाचे. दोन-तीन दिवस भडंग, पेरू, बेदाणे बंद. मग आतडे साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची, अर्धी आदल्या रात्री आणि अर्धी तपासणीच्या चार-सहा तास आधी. सगळी रात्रीच संपवली तर पहाटेपर्यंत लहान आतड्यातला पिवळट रस उजव्या बाजूला उतरून अस्तर पुन्हा माखतो. जत किंवा आटपाडीहून पहाटेच्या एसटीने मिरजेला निघणाऱ्याने दुसरा अर्धा डोस प्यायचा कुठे आणि वाटेत जायचे कुठे? अशा रुग्णाला दुपारची वेळ देणे हाही गुणवत्तेचाच भाग आहे. सफाई मोजणाऱ्या बॉस्टन मोजपट्टीवर आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण मिळतात; प्रत्येक भागाला किमान २ हवेत.

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. तरी आतड्याच्या कर्करोगाची सरसकट चाळणी, म्हणजे तक्रार नसतानाच सर्वांची तपासणी, इथे होत नाही. तिशीनंतरच्या सरकारी चाळणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच कर्करोग येतात. त्यामुळे इथली कोलोनोस्कोपी बहुधा तक्रार सुरू झाल्यावरची असते, आणि पुष्कळ कर्करोग दुर्बीण लागण्याआधीच निसटलेले असतात. शौचातून रक्त गेले की मूळव्याध ठरवायची, मलम-चूर्णावर महिने काढायचे. भारतात गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाठी हातमोजा घातलेल्या बोटालाही लागतात. ते बोट घालायला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही संकोचतात.

हा रोग भारतात तुलनेने कमी असल्याने ॲडेनोमा सापडण्याचे पाश्चात्त्य उंबरठे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. सफाईचे गुण, बाहेर येण्याची मिनिटे आणि दुर्बीण उंडुकापर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचल्याचा पुरावा मात्र कुठेही मागता येतो. पुरावा म्हणजे फोटो: अपेंडिक्सचे चंद्रकोरीसारखे तोंड आणि शेजारची झडप. फाइलमध्ये तो नसेल, तर ‘नॉर्मल’ म्हणजे कुठवर नॉर्मल, हे विचारावे.