रेडी रेकनरचा दर आणि गल्लीतला भाव

सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या खरेदीखताचा सरकारी गोषवारा) हातात आली की दोन आकडे दिसतात: ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’. घोळ इथूनच सुरू होतो. त्यातला ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारने भागवार ठरवलेल्या दरांच्या तक्त्यावरून, काढलेलं सरकारी मूल्यांकन. जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात आपण ज्याला भाव म्हणतो, तो ‘मोबदल्या’च्या रकान्यात असतो.

रेकनरचा दर चौरस मीटरचा, दलाल बोलतो चौरस फुटात. म्हणून आधी १०.७६४ ने भागा: २४,००० चा दर फुटाला साधारण २,२३० पडतो. फ्लॅट असेल तर दलालाचा भाव सुपर बिल्ट-अपवर (जिना, लिफ्ट अशा सामायिक जागेचा वाटा धरून) आहे का, तेही विचारा. रेकनर बांधीव क्षेत्रावर लागतो.

हा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून फुकट बघता येतो. इमारत जुनी असेल तर घसाराही, म्हणजे वयानुसार मूल्यांकनात कपात, मिळतो. पण नळाला किती दिवसांनी पाणी येतं, गल्लीत चारचाकी वळते का, हे त्या तक्त्याला कळत नाही. भाव ठरतो तो त्यावर. केळी-कापसाचा पैसा हातात आला की प्लॉटला गिऱ्हाईक वाढतं. तक्ता मात्र तोच राहतो.

खरा त्रास रेकनर भावाच्या वर गेला की होतो. समजा, सौदा २५ लाखांचा आणि मूल्यांकन २८ लाखांचं. जास्तीचा आकडा धरायचा असल्याने जळगाव-धुळ्याच्या महापालिका हद्दीत ६ टक्के मुद्रांक शुल्क (१,६८,०००) आणि १ टक्का नोंदणी फी (२८,०००) २८ लाखांवरच बसते. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. एवढ्यावर भागत नाही. आयकरात सौद्याच्या १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे इथे २७.५ लाखांपर्यंत. त्यापुढे विकणाऱ्याचा भांडवली नफा २८ लाख धरून मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात ३ लाख मिळवतात. हाच सौदा २६ लाखांना झाला असता, तर दोघंही सुटले असते. म्हणून बयाणा देण्याआधी मूल्यांकन काढाच, सौदापावती झाल्यावर नव्हे.

उलट भाव रेकनरच्या वर असला की ‘कागदावर कमी दाखवू, बाकी रोख’ असं सुचवलं जातं. ऐकू नका. २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि बँक कर्ज देते ते कागदावरची किंमत बघूनच.

नवे दर १ एप्रिलपासून लागतात. २०२५ मध्ये राज्यात सरासरी सुमारे ४ टक्के वाढ झाली. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) मुहूर्तावर घर घ्यायचं असेल, तर ३१ मार्चच्या आत शुल्क भरून सह्या करून ठेवा. तो दस्त सहीपासून ४ महिन्यांत जुन्याच दराने नोंदवता येतो.