रिपोर्टवरचा आकडा नेमका कोणत्या वेळचा?

इस्ट्रोजेन घेणाऱ्या पारलिंगी स्त्रीच्या हाती रक्ततपासणीचा रिपोर्ट आला की तिची नजर आधी एकाच ओळीवर जाते: इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचं मुख्य रूप, किती? 90 दिसलं तर मन खट्टू होतं, 300 दिसलं तर हायसं वाटतं. मला दोन्ही प्रतिक्रिया समजतात, कारण त्या आकड्याची वाट फार दिवस पाहिलेली असते. पण शेवटचा डोस कधी आणि कसा घेतला होता, हे कळल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही.

गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. तिथे इस्ट्राडिओलचा मोठा भाग इस्ट्रोन या त्याच्या दुबळ्या भावंडात बदलतो. उरलेल्याची रक्तातली पातळी काही तासांत चढते आणि दिवसभर सावकाश उतरत राहते. तीच गोळी जिभेखाली विरघळवली तर बरंचसं औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. मग तासाभरात पातळी उसळी घेते आणि काही तासांत झपाट्यानं खाली येते. अशा उसळीच्या वेळी रक्त दिलं, तर दिवसाचा बहुतेक वेळ पातळी कमी असूनही रिपोर्ट भरघोस दिसेल. त्वचेवर चिकटवायच्या पॅचची रेषा त्यामानानं सपाट असते. तेलात विरघळवलेलं इस्ट्राडिओल व्हॅलेरेटचं इंजेक्शन पहिल्या काही दिवसांत शिखर गाठतं आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत ओसरत जातं. म्हणून इंजेक्शन घेणारीनं रक्त दर वेळी चक्राच्या त्याच टप्प्यावर द्यावं. मधोमध किंवा पुढच्या डोसच्या अगदी आधी, जे डॉक्टरांशी ठरलं असेल ते.

एकक पाहायलाही विसरू नका. 100 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच सुमारे 367 पिकोमोल प्रति लिटर. एकक बदललं एवढ्यानं घाबरलेली माणसं असतात.

एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत इस्ट्राडिओलसाठी 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉनसाठी 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, असं लक्ष्य दिलेलं आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी करावी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा.

यातला दुसरा आकडा फारसा चर्चेत येत नाही, पण माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोलाचा आहे. रक्तात पुरेसं इस्ट्रोजेन दिसलं की मेंदूतली पीयूष ग्रंथी वृषणांना जाणारा आदेश आवरता घेते आणि टेस्टोस्टेरॉन घटतं. एवढ्यानं भागत नसेल तर अँटिअँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला आवरणारं औषध, जोडतात. स्पायरोनोलॅक्टोन मुख्यतः टेस्टोस्टेरॉनला त्याच्या ग्राहीपाशी, म्हणजे पेशीत ते जिथे जोडलं जातं तिथेच, अडवतं. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा फारसा खाली आला नाही, तरी शरीरावरचा परिणाम रोखला जात असू शकतो. या औषधावर असताना पोटॅशियम तपासत राहावं लागतं. सायप्रोटेरोन मात्र टेस्टोस्टेरॉनची पातळीच पाडतं. ते मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा या गाठीचा धोका वाढतो, म्हणून आता कमीत कमी डोसवर भर दिला जातो.

मग इस्ट्रोजेनच वाढवत का नेऊ नये? स्तनांची वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होते आणि दोन-तीन वर्षं चालते. डोस दुप्पट केल्यानं हा काळ निम्मा होतो, असा पुरावा नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढू शकतो. गिळलेलं इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लावतं. म्हणूनच वय जास्त असेल, धूम्रपान असेल किंवा आधी गुठळी झालेली असेल, तर डॉक्टर बहुधा पॅच सुचवतात. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिल इस्ट्राडिओल तर या उपचारासाठी टाळलंच जातं. नेहमीच्या इस्ट्राडिओल चाचणीत त्याची पातळी कळत नाही, आणि गुठळ्यांचा धोकाही त्यात जास्त. कुणाच्या सांगण्यावरून या गोळ्या घेत असाल, तर कृपया हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रक्त द्यायला जाताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. जेल ज्या हाताला लावता, त्या हातातून रक्त देऊ नका. त्वचेवर उरलेल्या औषधानं आकडा खोटा फुगतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही आधी सांगा, कारण काही चाचण्यांत त्यानं इस्ट्राडिओल आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे चुकतात. आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात शेवटच्या डोसची तारीख-वेळ पेनानं लिहून ठेवा.